दोन विहिणी आणि चष्म्याची गाडी

माझी मुलगी ठरल्या तारखेच्या बरीच आधी जन्मली, आणि त्यामुळे माझ्या आईनं आयुष्यात काढलेली सगळ्यात स्वस्त तिकिटं वाया गेली.

हे मी गमतीनं सांगत नाहीये. नवऱ्यानं तिला फोनवर बातमी दिली, दोघी सुखरूप आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा ती आधी रडली, मग हसली, आणि मग एकदम गप्प होऊन म्हणाली, "अहो, पण तिकिटं तर पुढच्या महिन्याची आहेत!"

माझी आई लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या दोन छोट्या गाड्या आहेत. शिकणारा चाक धरून घाम गाळत असतो, आणि ती शेजारी बसून खिडकीबाहेर बघत असते, पण तिच्या पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक असतो. त्यावरून शिकणारी पोरं तिला तिच्यामागे 'ब्रेकबाई' म्हणतात. नाव पायावरून पडलं असलं तरी ते तिच्या पाकिटालाही शोभतं.

ती कंजूष नाही बरं का. घरी आलेल्याला ती पोट फुटेपर्यंत जेवू घालते, भेट देताना कधी हात आखडता घेत नाही. फक्त प्रवासावर खर्च करायचा म्हटला की तिचा पाय ब्रेकवर जातो. "पोचण्यात कसले पैसे घालवायचे? पोचल्यावर घालवा," असं तिचं म्हणणं. लहानपणी तिनं आम्हाला समुद्र दाखवला तो मासे पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून नेऊन. समुद्राचा वास आम्हाला समुद्र दिसायच्या कितीतरी आधीपासून येत होता. एकदा विमानात सामानाचे जादा पैसे पडू नयेत म्हणून ती तीन स्वेटर आणि दोन कोट एकावर एक चढवून गेली. तपासणीवाल्या बाईनं काळजीनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" आईनं घाम पुसत सांगितलं, "थंडी वाजतेय हो फार."

माझ्या सासूबाईंचं सगळंच वेगळं. त्या एका मोठ्या इस्पितळाची धुलाई सांभाळतात. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, त्यांच्या हाताखालून काहीही गेलं की कोऱ्या कागदासारखं होऊन बाहेर पडतं. घडी म्हणजे घडी, वेळ म्हणजे वेळ. प्रवासाला निघायचं तर खिडकीजवळची राखीव जागा, हातात तिकीट, आणि उशीला घालायला स्वतःचा इस्त्रीचा अभ्रा.

अशा दोघी एकमेकींच्या विहिणी झाल्या, आणि बिनसलं ते लग्नातच.

लग्नाला बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांना स्टेशनापासून सभागृहापर्यंत आणायचं काम आईनं अंगावर घेतलं होतं. सासूबाईंना वाटलं, एक छानशी बस येईल. आईनं विचार केला, बस कशाला? तिच्या दोन गाड्या होत्या, धंद्यातल्या ओळखीच्यांकडून आणखी चार आणल्या, आणि शेवटच्या परीक्षेच्या तयारीत असलेल्या पोरांना चाकावर बसवलं. पोरांचा सराव, पाहुण्यांची सोय! सभागृहाच्या दारात एकामागून एक सहा गाड्या आल्या, प्रत्येकीच्या टपावर 'शिकाऊ चालक' अशी पाटी, आणि प्रत्येक गाडी दारासमोर गचका खाऊन बंद पडली. सासऱ्यांचे थोरले भाऊ उतरले ते स्वतःची हॅट शोधत. ती मागच्या काचेपाशी जाऊन पडली होती.

सासूबाई तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी इतक्या अदबीनं वागू लागल्या, की बघणाऱ्याला घाम फुटावा. "तुम्ही बसा ना, विहीणबाई." "छे छे, आधी तुम्ही." आणि दोघी उभ्याच.

पुढच्या महिन्याची ती स्वस्त तिकिटं आईनंच दोघींसाठी काढली होती. नवऱ्यानं फार गळ घातली म्हणून सासूबाई तयार झाल्या होत्या. तिकिटं स्वस्त होती, कारण ती बदलता येत नव्हती की परत करता येत नव्हती. आता बाळ येऊन बसलं, आणि दोघी आज्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला.

सासूबाई ताबडतोब स्टेशनावर गेल्या. एकही जागा नव्हती. मग विमानाची चौकशी केली. ऐन वेळचं भाडं ऐकून त्यांनी खिडकीतल्या मुलाला पुन्हा विचारलं, "हे एका माणसाचं, की अख्ख्या विमानाचं?" सासरे सोबत होते. ते हळूच म्हणाले, "घेऊन टाक ना. नात काय रोज होते?" सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते शेजारच्या भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागले.

तिकडे आईनं दुसऱ्याच दिवशी वाट काढली होती. तिच्याकडे शिकून गेलेला एक चष्मेवाला होता. त्याची एक जुनी गाडी होती, म्हणजे चालतंफिरतं दुकानच. गावोगाव जाऊन डोळे तपासायचे, चष्मे विकायचे. आता त्यानं ती आमच्या शहरातल्या एका चष्मेवाल्याला विकली होती आणि पोचवायला माणूस शोधत होता. डिझेल नव्या मालकाचं. आईनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

पुढचं सगळं मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलंय. जिथं दोघींचं जुळत नाही, तिथं मला पटलं ते सांगते.

आईनं रीतीप्रमाणे विहिणीला फोन केला. "मी उद्या सकाळी निघतेय. तुम्हाला काही पाठवायचं असेल तर द्या."

सासूबाईंच्या डोक्यात त्या वेळी एकच चित्र होतं, असं त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं: ब्रेकबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे, आणि आपण महिन्याभरानं तिथं पाहुण्यासारख्या पोचतोय.

"पाठवायचं काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "मीच येते."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या बॅग, उशी आणि डबा घेऊन रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. सासरे निरोपाला आले होते. घर सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर होती. कोपऱ्यावरून गाडी वळली, आणि सासूबाईंच्या हातातली उशी खाली पडली.

गाडी पिवळी होती. बाजूला लहानमोठी अक्षरं रंगवलेली. आणि टपावर एक चष्मा. पाटीवर काढलेला नव्हे, खरोखरचा, फायबरचा, लाल फ्रेमचा, निळ्या काचांचा, माणसाच्या पलंगाएवढा चष्मा. तो समोरच्या रस्त्याकडे रोखून बघत होता.

"यात बसायचं?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, लोक बघतील!"

"लोकांनी बघावं म्हणूनच तर तो बसवलाय," आई म्हणाली, आणि दार उघडलं.

सासूबाई बसल्या. उशी मांडीवर, पाठ ताठ, नजर समोर. शहराबाहेर पडेपर्यंत दोघींत हवेपाण्यापलीकडे बोलणं झालं नाही. प्रत्येक सिग्नलला पोरं हात हलवायची, आई त्यांना हात करायची, सासूबाई उशीची शिवण तपासायच्या.

मग आईच्या युक्त्या सुरू झाल्या. ती चढावर आधीपासून वेग धरायची, उतार दिसला की पाय उचलायची, ट्रकच्या मागे नको म्हणून थांबायची, सिग्नल लाल दिसला की लांबूनच गाडी अशी हळू करायची की तिथं पोचेपर्यंत तो हिरवा व्हावा. "बघा, ब्रेक लावला की डिझेल जळालंच म्हणून समजा," ती समजावून सांगत होती.

"पण डिझेल तर त्या चष्मेवाल्याचं आहे ना?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून काय झालं? जळतं ते जळतंच."

सासूबाईंना हे पटलं. दुसऱ्याचं साबण-पाणीही त्यांनी कधी वाया घालवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच मान हलवली.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. पण पुढं टोलनाका होता. आईनं नाक्याची पाटी बघितली मात्र, गाडी डावीकडे वळवली. "जुना रस्ता आहे एक. थोडा वळसा पडतो, पण टोल नाही."

जुना रस्ता छानच होता. दोन्ही बाजूंना झाडं, मधेमधे घरं. एका वळणानंतर मात्र रेल्वेचा दगडी पूल आडवा आला, आणि रस्ता त्याच्या खालून जात होता.

"थांबा!" सासूबाई ओरडल्या. लग्नानंतर त्या विहिणीवर पहिल्यांदाच ओरडत होत्या.

आईनं ब्रेक दाबला. "जाईल की हो. पाटीवर उंची लिहिलीय बघा. गाडी सहज जाईल."

"गाडी जाईल. चष्म्याचं काय?"

आई खाली उतरली, पुलाखाली गेली, मागे आली, मान तिरकी करून बघितलं. चष्म्याच्या वरची कड पुलाच्या कमानीला वीतभर तरी आडवी येत होती. परत फिरायचं तर तेवढाच वळसा उलटा, वर टोल द्यायचा तो द्यायचाच. आई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

आता सासूबाईंना बोलायची आयतीच संधी होती. त्यांनी ती घेतली नाही, आणि का घेतली नाही ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. आईचा चेहरा बघवेना, असं त्या म्हणतात. "मला तर परत फिरायचा कंटाळा आला होता," असंही म्हणतात. काही का असेना, त्या खाली उतरल्या आणि विचारलं, "चष्मा कशानं बसवलाय? पाना आहे का गाडीत?"

दोघींनी मागचं दार उघडून शोधाशोध केली. गाडीत डोळे तपासायची खुर्ची होती, आरसे होते, फ्रेमांचे खण होते, आणि स्क्रूड्रायव्हर तर ढिगानं होते. पण सगळे आगकाडीएवढे. पलंगाएवढा चष्मा काढायला चष्म्याचेच स्क्रूड्रायव्हर! दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि आधी आई फिस्सकन हसली, मग सासूबाईही. किती हसाव्यात? सासूबाईंना तपासणीच्या खुर्चीवर बसावं लागलं.

हसण्याचा आवाज ऐकून की पिवळी गाडी बघून कोण जाणे, पुलाअलीकडच्या रोपवाटिकेतून एक धिप्पाड बाई बाहेर आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हाताला माती, आणि नाकावर एका बाजूनं दोरीनं बांधलेला चष्मा.

"आलात एकदाचे!" रोपवाटिकावाली म्हणाली. "गेल्या वर्षापासून वाट बघतोय तुमची. आधी माझी ही काडी बसवा बघू."

"अहो, आम्ही चष्मेवाल्या नाही," आई म्हणाली. "आम्हाला फक्त एक मोठा पाना हवाय."

"पाना आहे. पंपाचा. पण काडी?"

आई काही सांगणार तोच सासूबाईंनी हात पुढं केला. "बघू द्या."

धुलाईखान्यात दिवसभर वाफ असते. त्या वाफेनं तिथल्या सगळ्यांच्या चष्म्यांचे स्क्रू सैल होतात, आणि ते पिळून घट्ट करायचं काम गेली कित्येक वर्षं सासूबाईच करत आल्या आहेत. त्यांनी बाह्या वर केल्या, खणातून एक बारीकसा स्क्रू शोधला, काडी जागच्या जागी बसवली, काचा स्वतःच्या रुमालानं पुसल्या आणि चष्मा रोपवाटिकावालीच्या नाकावर ठेवला. तिनं पुलाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग सासूबाईंकडे.

"अगंबाई!" ती म्हणाली. "तुम्ही दोघी आहात होय!"

पाना तर मिळालाच, शिवाय तिनं चष्मा उतरवायला आपली दोन माणसंही लावली. पण तोवर ती घराघरांतून बातमी देऊन आली होती. कुणाच्या चष्म्याचा नाकावरचा टेकू निखळलेला, कुणाच्या काड्या फाकलेल्या, एका आजोबांचा चष्मा तर कधी कुणी पुसलेलाच नव्हता. सासूबाई खुर्चीवर बसून एकेकाला पुढे बोलावत होत्या. "सरळ उभे राहा. मान वर. हं, पुढचे."

चष्मा टपावरून उतरून गाडीशेजारी उभा राहिला, तरी रांग संपेना. आता आईचीच चुळबुळ सुरू झाली.

"विहीणबाई, निघायला हवं. नात वाट बघतेय."

"ती पाळण्यात आहे, कुठं जात नाही. रांग अर्धी सोडून जायचं नसतं," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

त्या कोणाकडूनही काही घेईनात, तेव्हा लोकांनी गाडीत भाज्या, फळं आणि रोपांच्या दोन कुंड्या आणून ठेवल्या.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. पूल ओलांडल्यावर चष्मा पुन्हा वर बसवावा, तर पुढं असे आणखी पूल आहेत असं कळलं. म्हणून तो आत घालायचा ठरलं. मागच्या दारातून सरकवला तर त्याची एक काडी थेट पुढच्या दोन सीटांच्या मधून आरशापर्यंत आली आणि दुसरी मागे रस्त्यावर लोंबू लागली. दार काही लागेना, आणि बांधायला दोरी नाही. सासूबाईंनी बॅग उघडली. वर त्यांची पांढरीशुभ्र, खळ घातलेली चादर होती. क्षणभर त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, मग ती पिळून दोरासारखी केली आणि दार करकचून बांधून टाकलं.

"चादरीची वाट लागली की हो," आई म्हणाली.

"धुता येते," सासूबाई म्हणाल्या.

आता दोघींच्या मधे लाल काडी. गियर टाकताना आईला ती कोपरानं ढकलावी लागे.

"आपला काडीमोड व्हायची वेळ आली, विहीणबाई," आई म्हणाली, आणि पुन्हा दोघी हसत सुटल्या.

ती काडी मधे होती म्हणूनच की काय, बोलणं सोपं झालं. एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. बऱ्याच वेळानं आईनंच विषय काढला.

"लग्नातलं ते गाड्यांचं... तुम्हाला फार लागलं होतं. मला कळतं. बस करायला हवी होती मी."

मग काडीपलीकडून आवाज आला.

"लागलं, ते खरं. पण बसचं नव्हे हो."

"मग?"

"पाहुण्यांना घ्यायला मी स्टेशनावर आले होते ना, तेव्हा मी ज्या गाडीत बसले, ती एक पोरगी चालवत होती. एवढीशी. वेणी घातलेली. गचके देत होती, रडकुंडीला आली होती, पण चालवत होती. माझ्या मनात आलं, हिला येतं आणि मला नाही. आमच्याकडे गाडी आहे, चालवतात ते. मी कधी म्हटलंच नाही की मला शिकवा. मुलगा झाला, नोकरी, मग राहूनच गेलं. त्या दिवशी तिचा इतका हेवा वाटला मला, की राग तुमच्यावर काढला. बोलून दाखवायची लाज वाटली म्हणून गप्प बसले."

आईनं गाडीचा वेग कमी केला. ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी शोधत होती. थोडं पुढं गेल्यावर विटांचा एक बंद पडलेला कारखाना लागला. भलंमोठं सपाट आवार, भोवती भिंत, दारात खुर्ची टाकून बसलेला एक राखणदार. आईनं गाडी आत घातली.

"इथं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"रस्त्यावर परवान्याशिवाय मी कुणाला चाकाला हात लावू देत नाही. ही खाजगी जागा आहे." आईनं राखणदाराची परवानगी काढली, परत आली आणि सासूबाईंच्या बाजूचं दार उघडलं. "या इकडे. चाकावर बसा."

"आत्ता? अहो, उशीर होतोय!"

"नात पाळण्यात आहे, कुठं जात नाही."

राखणदारानं हा संवाद ऐकला, शांतपणे खुर्ची उचलली आणि भिंतीच्या पलीकडे जाऊन बसला.

पहिल्या खेपेला गाडी गचका खाऊन बंद पडली. दुसऱ्या खेपेलाही. कुंड्या आडव्या झाल्या, टोमॅटो पायाशी घरंगळत आले. या गाडीत आईच्या पायाखाली तिचा तो वेगळा ब्रेक नव्हता. तिनं एक हात फक्त हँडब्रेकवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं लाल काडी धरून बसली. "क्लच हळू सोडा. आणखी हळू. ओल्या चादरीची घडी उलगडता ना, तशी."

सासूबाईंच्या डोक्यात उजेड पडला. पाय आपोआप वर आला, आणि पिवळी गाडी एखाद्या शहाण्या म्हशीसारखी चालू लागली.

त्या आवाराला किती चकरा झाल्या ते दोघींपैकी कुणीच मोजलं नाही. सासूबाई वळणावर 'बाजूला व्हा, बाजूला!' असं रिकाम्या मैदानाला ओरडत होत्या. शेवटी शेवटी तर त्यांनी हॉर्न वाजवला, काही कारण नसताना, नुसता वाजवावासा वाटला म्हणून. डिझेलचा काटा खाली जात होता, आणि माझी आई, जी सिग्नल हिरवा व्हावा म्हणून लांबूनच गाडी रेंगाळवते, ती म्हणत होती, "छान! आणखी एक चक्कर मारा."

या सगळ्यात त्या दिवशी पोचणं राहिलंच. संध्याकाळी एका पेट्रोलपंपावर गाडी लावून दोघी सीटवरच झोपल्या. उशी एक आणि डोकी दोन. सासूबाईंनी उशी आईला दिली आणि आपण कुंडीजवळच्या भाजीच्या पोत्यावर डोकं टेकलं. आई याला दुजोरा देत नाही. ती म्हणते, उशी तिनंच दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या आवारात पिवळी गाडी शिरली. माझ्या खोलीच्या खिडकीतून नवऱ्यानं ती बघितली, आणि त्याचा चेहरा उतरला. कारण आमच्या खोलीत एक मोठी अडचण बसलेली होती.

बाहेर दोघींचे आवाज ऐकू येत होते. "तुम्ही आधी जा, विहीणबाई." "नाही नाही, तुमच्या लेकीची लेक. तुम्ही आधी." पण या वेळी अदब नव्हती त्यात, खरंच म्हणत होत्या. शेवटी दोघी हातात हात घालून एकदमच दारातून आत आल्या, दारात जरा अडकल्या, आणि समोर बघून थबकल्या.

खुर्चीवर सासरे बसले होते. मांडीवर नात. शेजारी रिकामा चहाचा कप.

"आलात?" ते म्हणाले. "मी... कालच पोचलो."

"काल?" सासूबाई म्हणाल्या. "कसे?"

"तुम्ही गेल्यावर घर खायला उठलं. म्हटलं, नात एकदा बघून येऊ." सासऱ्यांनी बाळाकडे बघितलं, जणू ते मदतीला येणार होतं. "विमानानं."

"ऐन वेळचं तिकीट काढून?" आईच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

"हो."

"खिडकीची जागा?" सासूबाईंनी विचारलं.

"होती."

"आणि खायला?"

"देत होते. बरं होतं." मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांनी भर घातली, "गोडही होतं नंतर."

त्यानंतर जो काही भडिमार झाला! सासूबाईंनी सुरुवात करावी, आईनं वाक्य पुरं करावं, आईनं दम घ्यायला थांबावं, की सासूबाईंनी सूत्र हातात घ्यावं. "अहो, आम्ही टोल वाचवायला पुलाखाली चष्मा उतरवला—" "आणि हे वर ढगात बसून गोड खातायत!" "चादर गेली माझी!" "पोत्यावर झोपलो आम्ही!" नर्स धावत आली. मी हसून हसून टाक्यांवर हात धरला होता. आणि या गोंधळात माझ्या लेकीनं डोळे उघडले, तोंड वेडंवाकडं करून एक भलीमोठी जांभई दिली आणि पुन्हा झोपून गेली.

दोघी एका क्षणात चिडीचूप.

सासऱ्यांनी संधी साधली. ते उठले आणि बाळ अलगद दोघींच्या मधे धरलं. आधी कुणी घेतलं ते मला आठवत नाही. मला आठवतात ते चार हात, मातीचे, ग्रीसचे, घाईघाईनं खसाखसा धुतलेले.

दुपारी आई आणि नवरा गाडी पोचवायला गेले. नव्या मालकाला चष्मा आत का आहे, कुंड्या कसल्या, हे सगळं ऐकून फार मजा वाटली. त्यानं माणसं लावून चष्मा वर बसवला. मग आईनं पाकीट काढलं. कारखान्याच्या आवारात जे डिझेल जळलं, ते गाडी पोचवण्यासाठी जळलेलं नव्हतं, म्हणून त्याचे पैसे तिनं त्याच्या हातावर ठेवले. तो नको नको म्हणत होता. "शिकवणीचं डिझेल माझंच असतं," ती म्हणाली. नवऱ्यानं परत येऊन हे सांगितलं, तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं, ती माझीच आई होती ना म्हणून.

त्या दोघी आमच्याकडे महिनाभर राहिल्या. सासऱ्यांना आठवड्यातच परत पाठवण्यात आलं, रात्रभर चालणाऱ्या सगळ्यात स्वस्त बसनं, आईनं स्वतः तिकीट काढून. सासूबाईंनी गावी गेल्या गेल्या आईकडे नाव घातलं. फी पूर्ण घेतली आईनं. नात्यात सूट दिली तर माणूस मनापासून शिकत नाही, म्हणे. पहिल्या परीक्षेत सासूबाई नापास झाल्या, कारण परीक्षकानं निघा म्हणायच्या आधीच त्यांनी त्याला ताठ बसायला सांगितलं होतं. दुसऱ्यांदा पास झाल्या.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या महिन्यातली एक सकाळ. मी बाळाला पाजत होते आणि बाहेर गॅलरीत दोघी बाळाचे कपडे वाळत घालत होत्या. आई टाकेल ते कपडे सासूबाई काढून पुन्हा टाकत होत्या.

"असं खांद्याला चिमटा लावतात होय? आकार जातो!"

"अहो, वीतभर झबलं ते! त्याला कसला आलाय आकार?"

"म्हणूनच! वीतभरच आहे, तर तेवढं तरी सरळ राहू दे!"

"तुम्ही ना, एक दिवस या पोरीलाही इस्त्री कराल!"

"केलीच असती, पण तुम्ही इस्त्रीची वीज मोजत बसाल!"

आवाज वाढत चालला होता. नवरा दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून घाबराघुबरा होऊन बाहेर आला.

"काय झालं? भांडतायत का?"

"हो," मी म्हटलं. "जा, तू दाढी कर."